मनू, काच घेण्याआधी थोडं ऐक

मनू, तू पाठवलेले फोटो निवांत बसून पाहिले. प्रागच्या जुन्या चौकाजवळच्या दुकानातली ती उंच, लाल रंगाची, हरणं आणि वेलबुट्टी कोरलेली फुलदाणी तुझ्या मनात भरली आहे, हे लगेच कळलं. आवडली असेल तर घे, त्यात काहीच गैर नाही. पण खाली तू लिहिलं आहेस की तुला पन्नास-साठच्या दशकातली चेक काच जमवायची आहे. मग मात्र मोठ्या बहिणीचं थोडं ऐकून घे, कारण ती फुलदाणी या वाटेवरची नाही. बिनरंगी काचेवर लाल रंगाचा पातळ लेप भाजून बसवायचा आणि तो कोरून आतली पांढरी नक्षी काढायची, ही रीत 1830च्या दशकात फ्रीड्रिख एगरमन यांनी बसवली. तशी काच आजही बनते आणि पर्यटकांना विकली जाते. सुंदर असते, पण ती आजोबांच्या काळाची असेलच असं नाही.

तुला हवी आहे ती काच दुकानात पहिल्या नजरेत दिसायचीच नाही. ती खालच्या फळीवर असते. धुरकट करडी, मधाच्या रंगाची, शेवाळी, कधी गडद जांभळी. जाडजूड आणि हाताला जड. तळाशी सही नाही, शिक्का नाही. कधीमधी चांदीच्या कागदाची एक टिकली चिकटलेली असते, तीही अर्धी फाटलेली. विकणाऱ्यालाच ती कुणी केली ते ठाऊक नसतं. मला या छंदाचं वेड लागलं ते नेमकं यामुळे. ज्यानं ही वस्तू कागदावर काढली त्याचं नाव पुसलं गेलं आहे, आणि थोडा अभ्यास केला तर ते नाव पुन्हा शोधता येतं.

नाव का पुसलं गेलं, हे आधी समजून घे. त्याशिवाय ही काच कळत नाही.

1945 साली युद्ध संपलं आणि चेकोस्लोव्हाकियातले मोठे काचकारखाने सरकारनं ताब्यात घेतले. 1948च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट सत्तेवर आले, तेव्हा उरलेसुरले लहान कारखानेही सरकारजमा झाले. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती लोक फार बोलून दाखवत नाहीत. सुमारे 30 लाख जर्मनभाषक माणसांना देशाबाहेर घालवण्यात आलं. उत्तरेकडचा सगळा डोंगराळ काचपट्टा, म्हणजे नोवी बोर, कामेनित्स्की शेनोव्ह, याब्लोनेत्स, इथले पिढीजात कारागीर बहुतांशी तेच होते. कोरणारे, पैलू पाडणारे, रंग घोटणारे, सगळे गेले. त्यांतल्या अनेकांनी जर्मनीत बव्हेरियामध्ये कॉफबॉयरन शहरालगत नवी वसाहत उभारली आणि तिला आपल्या जुन्या गावाचंच नाव दिलं, नॉयगाब्लोंझ, म्हणजे नवं याब्लोनेत्स. इथे ड्रेस्डेनला राहताना त्या घरांतली म्हातारी माणसं मला भेटली आहेत. म्हणून तुला सांगते, बोहेमियाची काच हातात घेशील तेव्हा या तुटलेल्या घरांचंही भान ठेव.

ही पोकळी भरून काढली ती काचशाळांनी. कामेनित्स्की शेनोव्हची शाळा 1856 सालची, नोवी बोरची 1870 सालची आणि झेलेझ्नी ब्रोदची 1920 सालची. त्यातून पुढे गेलेली हुशार मुलं प्रागच्या उपयोजित कलेच्या महाविद्यालयात जात, आणि तिथे त्यांना योसेफ काप्लित्स्की यांच्यासारखा गुरू मिळे. काप्लित्स्की मूळचे चित्रकार. काचेची भांडी रेखाटा असं सांगण्याऐवजी ते मुलांना आकार, रंग आणि रेषा यांचाच विचार करायला लावत. स्तानिस्लाव लिबेन्स्की, व्लादिमीर कोपेत्स्की ही पुढे मोठी झालेली नावं त्यांच्याच हाताखालची.

आता यातली गंमत बघ. त्या वर्षांत चित्रकारावर आणि शिल्पकारावर सरकारची नजर फार कडक होती. कामगार, शेतकरी, ट्रॅक्टर हे विषय चालत. अमूर्त चित्र काढलं की संशय यायचा. पण फुलदाणीवरच्या अमूर्त नक्षीला कोण हरकत घेणार? ती तर घरात वापरायची वस्तू. शिवाय परदेशात खपणारी, देशाला चलन मिळवून देणारी. त्यामुळे जे कॅनव्हासवर चाललं नसतं ते काचेवर चाललं. यान कोतीक यांच्यासारखे चित्रकारसुद्धा काचेकडे वळले. दडपणाच्या दिवसांत इतकी मोकळी काच तिथे कशी झाली, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

1958 साली ब्रसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं. चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाला तिथे सर्वोत्तम दालनाचा मान मिळाला आणि काच पाहून युरोपातली माणसं थक्क झाली. रेने रोउबिचेक यांची उंच काचशिल्पं तिथे होती. लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा यांनी काँक्रीटच्या भिंतीत बसवलेले काचेचे मोठाले ठोकळे होते. आतून प्राण्यांचे आकार खोदलेले, जणू गुहेतली चित्रं उजेडात तरंगताहेत. ही दोघं झेलेझ्नी ब्रोदला भेटली. लिबेन्स्की तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक, ब्रिख्तोवा काच ओतणाऱ्या शिल्पकार. लिबेन्स्कींनी काढलेलं चित्र ब्रिख्तोवांनी साच्यात ओतून काचेत उतरवलं आणि तिथून पुढे आयुष्यभर दोघांनी मिळूनच काम केलं. 1970 साली ओसाकाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी काचेची एक लांबच लांब नदी केली. तिच्या पृष्ठभागावर पावलांचे ठसे होते आणि त्यांत सैनिकी बुटांचेही. दोनच वर्षांपूर्वी, 1968 साली, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते, त्यामुळे त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. ते ठसे घासून काढायला लावले गेले.

लिबेन्स्की-ब्रिख्तोवा यांची ओतीव काच विकत घेण्याची स्वप्नं तू-मी पाहायची नाहीत, ती संग्रहालयात जाऊन पाहायची. पण त्याच शाळांतून, त्याच गुरूंच्या हाताखालून आलेली माणसं त्याच काळात साध्या कारखान्यांसाठीही काम करत होती. दोन-चार रुपयांची राखदाणी, वाडगा, फुलदाणी रेखाटत होती. बाजारात आजही ती काच परवडण्यासारखी मिळते. माझं तुला मनापासून सांगणं आहे, सुरुवात तिथूनच कर.

ही साच्यात दाबलेली काच. रोसित्से, लिबोखोवित्से, हेर्मानोव्हा हुत, रुडॉल्फोव्हा हुत ही तिच्या कारखान्यांची नावं. 1965 साली हे कारखाने टेप्लित्सेच्या स्क्लो युनियन या मोठ्या सरकारी उद्योगाखाली आले, म्हणून विक्रेते सरसकट सगळ्यालाच ‘स्क्लो युनियन’ म्हणतात, त्याआधीच्या वस्तूंनासुद्धा. रुडॉल्फ श्रोटर यांनी रोसित्सेसाठी 1955 साली केलेली एक फुलदाणी आहे, अंगावर मोठे खोलगट गोल असलेली. संग्राहक तिला भिंगाची फुलदाणी म्हणतात, कारण प्रत्येक गोल भिंगासारखं काम करतो. खिडकीत ठेवली की समोरचं झाड त्या प्रत्येक गोलात लहान होऊन दिसतं. ती पहिल्यांदा हातात घेशील तेव्हा तुला कळेल मी इतकी का बोलते आहे. फ्रांतिशेक विझ्नर पुढे जगभर नावाजले गेले, त्यांचे घोटून मऊ केलेले जाड वाडगे आता मोठ्या लिलावांत जातात. पण 1960च्या दशकात तरुणपणी ते टेप्लित्सेजवळ याच दाबीव काचेसाठी रेखाटनं करत होते. अडॉल्फ मातुरा, व्लादिस्लाव उर्बान, फ्रांतिशेक पेचेनी ही नावंही वहीत लिहून ठेव.

दाबीव काच ओळखायची कशी ते नीट सांगते, कारण फसगत इथेच होते. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकतात आणि वरून दट्ट्या दाबतात. बाहेरची नक्षी साच्याची, आतली पोकळी दट्ट्याची. म्हणून आत बोट फिरवलंस तर अंग गुळगुळीत लागेल, बाहेर कितीही उंचसखल असलं तरी. आणि दट्ट्या सरळ वर निघायला हवा, म्हणून आतली पोकळी तोंडाकडे रुंदच होत जाते. आत पोट मोठं आणि तोंड अरुंद असेल तर ती सहसा दाबलेली नसते. याउलट साच्यात फुंकलेल्या काचेत बाहेर जिथे फुगवटा असतो तिथे आत खळगा लागतो, कारण हवेनं ती सगळीकडून साच्याला चिकटवलेली असते. दोन वस्तू शेजारी ठेवून एकदा बोट फिरव, मग आयुष्यात विसरणार नाहीस.

दुसरी खूण साच्याच्या जोडाची. साच्याचे भाग जुळतात तिथे बारीक रेघ उठते. स्वस्त काचेत ती अंगावर मधोमध दिसते. या चांगल्या कलावंतांनी मात्र नक्षी अशी बेतली आहे की ती रेघ एखाद्या कडेत मिसळून जाते. रेघ कुठे लपवली आहे ते शोधायची मला फार आवड आहे. तिथे रेखाटणाऱ्याची बुद्धी दिसते.

आता पुसलेल्या नावाकडे येते. ही सगळी काच परदेशी जायची ती स्क्लोएक्सपोर्ट या एकाच सरकारी निर्यात संस्थेमार्फत. तिच्यावर कागदी टिकली लावली जाई, देशाचं किंवा कारखान्याचं नाव असलेली. रेखाटणाऱ्याचं नाव लावायची रीत नव्हती. ग्राहकानं घरी नेऊन पहिल्यांदा धुतली की टिकलीही गेली. म्हणून आज ओळख पटवायची ती कारखान्यांच्या जुन्या सूचीपत्रांवरून. त्यात प्रत्येक नमुन्याला क्रमांक आणि उंची दिलेली असते. तुझ्या पर्समध्ये शिवणाची मोजपट्टी कायम असू दे. इंग्रजीत दोन पुस्तकं आहेत, मार्क हिल यांचं ‘हाय स्क्लो लो स्क्लो’ आणि मार्कस न्यूहॉल यांचं ‘स्क्लो युनियन’. दोन्ही 2008 सालची. पहिल्या काही वस्तूंच्या पैशांत ही पुस्तकं मिळतील, तेव्हा आधी पुस्तकं घे. हा सल्ला सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण तू तो पाळ.

टिकलीवर ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलं असेल तर वस्तू 1992 संपण्याआधीची, कारण त्यानंतर तो देश उरला नाही. पण तेवढ्यावरून ती साठच्या दशकातली ठरत नाही, ऐंशीतलीही असू शकते. टिकली सुटत आली असेल तर तिला गोंद लावू नकोस, काढूही नकोस, आहे तशी राहू दे. ती त्या वस्तूची जन्मपत्रिका आहे.

दाबीव काच पुरेशी पाहून झाली की मग भट्टीपाशी हातानं घडवलेल्या काचेकडे वळ. तिथे पहिलं नाव श्कर्दलोवित्से. मोराव्हियाच्या वाटेवरच्या डोंगराळ भागात एमानुएल बेरानेक यांनी 1940 साली, ऐन युद्धात, ही भट्टी सुरू केली. तिथली काच जाड, उबदार रंगांची, पुष्कळदा आत बुडबुड्यांची जाळी अडकवलेली. पैलू पाडणं नाही, कोरणं नाही. गरम असेतो फुंकणीवर आणि चिमट्यानं जे होईल तेच. विझ्नर 1967पासून दहा वर्षं तिथे होते आणि त्यांनी तिथे केलेल्या वस्तू पाहिल्या की एकच माणूस यंत्राच्या साच्यासाठी आणि कारागिराच्या श्वासासाठी किती वेगवेगळा विचार करतो ते कळतं.

दुसरं नाव ख्रिब्स्का. ही भट्टी 1414 सालापासूनची म्हणून सांगितली जाते आणि 2007 साली ती कायमची थंड झाली. योसेफ होस्पोद्का यांनी साठच्या दशकात तिथे केलेले वाडगे आणि फुलदाण्या तुला हमखास दिसतील. आत एक-दोन भडक रंग, बाहेरून स्वच्छ काचेचा जाड थर, आणि कडा पाकळ्यांसारख्या ओढून लांबवलेल्या. विक्रेते हे सगळं इटलीच्या मुरानोचं म्हणून विकतात, कारण मुरानो म्हटलं की भाव चढतो. मुद्दाम फसवतात असं नाही, बहुतेकांना खरंच ठाऊक नसतं. एका खुणेवर कधी निकाल देऊ नकोस. तळ कसा घासला आहे, काचेचा थर किती जाड आहे, रंग कोणते आहेत, वजन किती आहे, सूचीपत्रात आकार सापडतो का, हे सगळं जुळलं तरच नाव घे. जुळलं नाही तर वहीत ‘बहुधा’ लिही आणि पुढे जा.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची ठरवली आहे. या काचेत बायकांचं काम खूप मोठं आहे आणि ते अजून पुरेसं बोललं जात नाही. लुद्विका स्मर्च्कोवा युद्धाआधीपासून काचेची रेखाटनं करत होत्या आणि नंतरही करत राहिल्या. व्हेरा लिश्कोवा यांनी प्रयोगशाळेतल्या नळ्यांची, उष्णता सहन करणारी काच घेतली आणि दिव्याच्या ज्योतीवर तिच्यातून श्वासाइतकी हलकी शिल्पं केली. मिलुशे रोउबिच्कोवा यांनी काचेचे केक, काचेची मिठाई, काचेची फुलं केली. रोजच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी घेऊन इतकी आनंदी कला करणाऱ्या बाईला नुसती ‘रोउबिचेकांची पत्नी’ म्हणून ओळखणं मला सहन होत नाही. तू संग्रह करशील तेव्हा या नावांसाठी वहीत वेगळं पान ठेव. त्यांच्या मोठ्या वस्तू परवडणार नाहीत, पण कारखान्यांसाठी बायकांनी केलेले पेले आणि ग्लासांचे संच अजून वाजवी भावात मिळतात. त्यांना विचारणारे फार थोडे आहेत.

खरेदीला जाशील तेव्हा प्रागमधला शनिवार-रविवारचा जुना बाजार आहेच. मुंबईच्या चोरबाजारात जशी नजर ठेवतेस तशीच तिथेही ठेव. सकाळी लवकर जा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेव, आणि वस्तू उचलण्याआधी विचार. काच दोन्ही हातांनी, तळाला आधार देऊन धरायची. कडेवरून नखाचा मागचा भाग सावकाश फिरव, टवका डोळ्याआधी नखाला लागतो. मग उजेडासमोर धरून फिरव, तडा असेल तर तो एका कोनातून चमकतो. आणि एक गोष्ट फार जपून बघ. तोंडाचा टवका उडाला की काही लोक सगळी कडच घासून खाली आणतात. मूळ कड भट्टीच्या आचेनं गोल, मऊ झालेली असते. घासलेली कड सपाट आणि कोरडी लागते. सूचीपत्रातली उंची आणि तुझ्या मोजपट्टीवरची उंची जुळत नसेल तर कारण बहुधा हेच. टवका असलेली वस्तू कमी पैशांत घ्यायला हरकत नाही, त्यात लाज नाही. घासलेली मात्र घेऊ नकोस, कारण कलावंतानं ठरवलेलं प्रमाणच बिघडलेलं असतं.

तिथल्या आजीबाई स्वतःच्या घरातलं सामान विकायला बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नकोस, मनू. तोडकंमोडकं चेक बोल, वस्तू कुठून आली ते विचार. कुणाला ती लग्नात आलेली असते, कुणी स्वतः त्या कारखान्यात नोकरी केलेली असते. काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेव. सूचीपत्रात न मिळणारी माहिती कित्येकदा अशीच मिळते.

रंगाची परीक्षा उजेडात. कार्लोव्ही व्हारीच्या मोझेर कारखान्यानं 1920च्या दशकाच्या अखेरीस नियोडिमियम घालून एक काच आणली, अलेक्झांड्रिट नावाची. दिवसाच्या उजेडात ती फिकट जांभळी दिसते आणि ट्यूबलाइटखाली निळसर होते. नुसता जांभळा रंग पाहून भाळू नकोस, दोन्ही उजेडांत बघ. फोटो पाहून घेताना तर विक्रेत्याकडे दोन्ही उजेडातले फोटो माग. पिवळट हिरवी काच अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियम आहे. बोहेमियातल्या रीडेल घराण्यानं 1830च्या दशकात ती आणली आणि घरातल्या आनाच्या नावावरून रंगांना नावं दिली. फळीवर ठेवायला तिची भीती नाही, पण तिच्यात लोणचं-सरबत ठेवू नकोस.

हे सगळं परक्या देशाचं, आपल्याला काय त्याचं, असं आई म्हणेल. तिला याब्लोनेत्सबद्दल सांग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या काचेच्या बांगड्या आणि मणी जहाजं भरून हिंदुस्थानात येत होते. हिंदुस्थानी बाजाराचे रंग, मापं, नक्ष्या डोळ्यांसमोर ठेवून त्या डोंगरातल्या घराघरांत बांगड्या केल्या जात. तिथल्या काच आणि दागिन्यांच्या संग्रहालयात जा आणि आईला व्हिडिओ कॉल लाव. तिला काच समजावून सांगावी लागणार नाही, बांगडी समजते.

निगा राखायची रीत सोपी आहे. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, आणि बेसिनच्या तळाशी टॉवेल अंथरलेला. हिरवी घासणी नको, डिशवॉशर तर मुळीच नको. थंड काचेवर एकदम गरम पाणी ओतू नकोस, जाड काच आधी तडकते. आत क्षारांचा पांढरा थर असेल तर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेव. तरीही गेला नाही तर तो क्षार नाही, काचच आतून खराब झाली आहे, तिच्याशी झटापट करू नकोस. तांदूळ घालून हलवायची आजीची युक्ती बाटलीला ठीक, याला नको.

पैशाचं बोलते, रागावू नकोस. दर महिन्याची एक रक्कम ठरव आणि घरात सांगून ठरव. लपवून आणलेली फुलदाणी कपाटातच राहते, तिच्यावर कधी ऊन पडत नाही. पुढे भाव वाढेल म्हणून घेऊ नकोस, वाढेलच असं कुणी सांगू शकत नाही. आणि फळी एकच ठेव. ती भरली की नवी वस्तू आणण्याआधी जुनी एक कुणाला तरी दे किंवा विक. त्यानंच नजर तयार होते, कारण दर वेळी दोन वस्तूंमध्ये निवड करावी लागते. भारतात आणायचा विचार असेल तर खरेदी करतानाच विचारून घे, जुन्या कलावस्तू चेक देशाबाहेर नेण्यावर 1994 सालापासून कायद्याचे नियम आहेत आणि काही वस्तूंना परवानगीचा कागद लागतो. न्यायचीच असेल तर हातातल्या सामानात, साडीत गुंडाळून.

एक वस्तू घेतलीस की तिचं पान कर. कुठे घेतली, कुणाकडून, किती कोरुनांना, उंची, वजन, तळ कसा, कड कशी, आणि कुणी रेखाटली असावी. शेवटचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. माझ्या वहीत अशी रिकामी पानं अजून आहेत आणि त्यांतलं एखादं वर्षानुवर्षांनी अचानक भरतं. जुन्या सूचीपत्राचं एखादं पान कुणीतरी दाखवतं, आणि ज्या माणसानं हा आकार काढला त्याचं नाव समोर येतं. त्या दिवशी मी स्वयंपाक बाजूला ठेवते.

पण सध्या काही घेऊ नकोस. पहिला महिना नुसतं बघायचं. आधी प्रागचं उपयोजित कलेचं संग्रहालय, मग नोवी बोर आणि कामेनित्स्की शेनोव्हची काचसंग्रहालयं. नंतर एखाद्या रविवारी प्रागहून तुर्नोव्हमार्गे झेलेझ्नी ब्रोदची गाडी पकड. मी ड्रेस्डेनहून निघते, आपण तिथेच भेटू. डबा मी आणीन. गाव लहान आहे, नदीकाठी, आणि शाळेत अजूनही मुलं काच शिकतात.